कानात सांगितलेला भाव

देलिसा बाल्दोमारचं डोकं फिरायला कारण झालं ते एक विशेषण.

मनिलाच्या एका गुळगुळीत मासिकात सान तेल्मो शहरावर चक्क चार पानं छापून आली होती. एरवी या शहराचं नाव तिकडच्या कागदावर यायचं ते वादळात किती छपरं उडाली हे सांगायला, नाहीतर एखादी बोट बुडाली म्हणून. त्यामुळे लेकीनं, जोनाबेलनं, मोबाइलवर ती पानं उघडली तेव्हा देलिसानं हातातली सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली.

"वाच, इंदाय. मोठ्यानं वाच."

जोनाबेलनं मथळा वाचला. "सान तेल्मो : एक पेंगुळलेलं बंदर."

"कसलं बंदर?"

"पेंगुळलेलं, नानाय."

"पुन्हा वाच."

जोनाबेलनं पुन्हा वाचलं. शब्द काही बदलला नाही.

देलिसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेंगुळलेलं! जिथे कोंबडा आरवायच्या आत धक्क्यावर बर्फ फुटायला लागतो, जिथे बेटांवरच्या फेरीबोटी दिवसभर भोंगे वाजवून माणसाला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीत, जिथे हमाल, रिक्षावाले, तिकीटवाले आणि डुकरं घेऊन आलेले शेतकरी एकाच फाटकातून एकाच वेळी घुसतात, ते बंदर पेंगुळलेलं? आणि म्हणणारा कोण, तर लियांद्रो. पांढऱ्या बुटांचा, दोन कॅमेरेवाला तो लेखक. धक्क्यावर आला तोच ऊन चढल्यावर. तोवर सगळी मासळी गेलेली, फरशी धुतलेली, आणि रात्रभर राबलेल्या बाया रिकाम्या खोक्यांवर जरा डोळा लागू देत होत्या. त्या झोपलेल्या बायांचा फोटो त्यानं अर्ध्या पानावर छापला होता.

"आणि माझ्या घरी जेवला!" देलिसा ओरडली. "इथे, याच खुर्चीवर! व्हिनेगरमध्ये मुरवलेली सुरमई खाल्ली, तीन वेळा भात घेतला, वर डब्यात बांधून नेली. त्याबद्दल काय लिहिलंय?"

जोनाबेलनं बोट सरकवत शोधलं. "लिहिलंय की इथली माणसं पाहुण्याला वेळ देतात, कारण त्यांच्याकडे वेळच वेळ आहे."

यावर देलिसा जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

पण खरी मेख पुढच्या पानावर होती. त्या दिवशी एक बोट उशिरा लागली होती आणि तिचा लिलाव लियांद्रोनं उभं राहून पाहिला होता. तो लिहीत होता, 'इथे मासळीचा लिलावही आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा चालतो. माणसं दलालीणबाईच्या कानाला लागतात, ती मान हलवते, संपलं. कुणी काय भाव दिला कुणालाच कळत नाही. कुणी विचारतही नाही. विचारण्याइतकं जागं इथे कोण आहे?'

देलिसा गप्प झाली. ती गप्प झाली की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जातं.

ती दलालीणबाई म्हणजे ती स्वतः. बोटी तिच्याकडे मासळी उतरवतात आणि ती त्यांच्या वतीनं विकते, जशी तिची आई विकत होती. खांद्यावर टॉवेल टाकून ती टबांपाशी उभी राहते. गिऱ्हाईक येतं, टॉवेलाचं टोक उचलून तोंडाआड धरतं आणि तिच्या कानात भाव सांगतं. मग दुसरं येतं, मग तिसरं. सगळ्यांचं सांगून झालं की देलिसा ओठांचा चंबू करून एकाच्या दिशेनं नुसतं दाखवते, आणि मासळी त्याची होते. हरलेला विचारत नाही, जिंकलेला सांगत नाही. सान तेल्मोत माणूस दुसऱ्याच्या घरातली भांडणं चवीनं ऐकतो, पण टॉवेलाआडचं कधी विचारत नाही.

आणि हे असं का, ते शहरातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. बर्फाचा एकुलता एक कारखाना ओंग्सियाकोचा. सगळ्यात मोठा खरेदीदारही ओंग्सियाकोच. रोज त्याचा ट्रक मासळी भरून फेरीबोटीवर चढतो आणि सेबूला जातो. त्याच्या तोंडावर त्याच्यापेक्षा चढा भाव बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगितलं जायचं की आज बर्फ जमलाच नाही बघा. बर्फ नाही तर मासळी दुपारपर्यंत कुजते. म्हणून टॉवेल. टॉवेलाआड घमेलंवाल्या, गल्लीत मासे विकणाऱ्या बाया त्याला खुशाल नडत, आणि कोण कितीनं नडलं हे त्याला कधी कळत नसे.

टॉवेलाआड आणखीही एक गोष्ट चाले. ती फक्त देलिसाला ठाऊक होती. लुमिंग नावाची एक बाई रोज सगळ्यात शेवटी येई आणि सगळ्यात कमी भाव सांगे. घमेलं डोक्यावर घेऊन गल्ल्यांतून मासे विकून ती दोन नातींना वाढवत होती. विकताना तिचा आवाज असा, की शाळेतले मास्तर खिडक्या लावून घेत. धक्क्यावर मात्र तिचे शब्द जेमतेम कानापर्यंत पोचत. ओठांना लाली लावल्याशिवाय ती धक्क्यावर पाऊल ठेवत नसे, आणि कुणाकडून फुकट घोटभर कॉफी घेत नसे. देलिसा तिचा भाव ऐके, चेहरा दगडासारखा ठेवी आणि घमेलंभर बांगड्याकडे ओठ करी. बोटवाल्याला कमी पडायचं ते ती स्वतःच्या दलालीतून घाली. लुमिंगला वाटे, आपला भाव बसला. इतरांना वाटे, लुमिंगनं चांगला भाव दिला असेल. कुणाची मान खाली जात नसे.

आणि याला तो पांढऱ्या बुटांचा मनुष्य झोप म्हणत होता!

एवढ्यावर थांबलं असतं तर देलिसानं चार दिवस शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण मेयरसाहेबांनी मासिक वाचलं. त्यांना 'पेंगुळलेलं' हा शब्द अंगावर झुरळ पडावं तसा लागला. आठवड्याच्या आत बंदराच्या फाटकावर त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याचा एवढा मोठा फलक लागला, की मागचं समुद्राचं निम्मं दृश्य गेलं. खाली अक्षरं होती : 'जागं सान तेल्मो!' आणि हुकूम निघाला की येत्या सोमवारपासून लिलाव मोठ्यानं. माईकवर. भाव फळ्यावर लिहायचा, पैसे जागेवर मोजायचे, जो मोजणार नाही त्याचं नाव फाटकावर लागेल आणि त्याला धक्क्यावर खरेदी बंद. बघायला लेखक लियांद्रो यांना पुन्हा बोलावलंय, येणं-जाणं-राहणं शहराच्या खर्चानं.

देलिसा तडक नगरभवनात गेली. पर्यटनाचं खातं क्रिसान्तोकडे होतं. तो तिच्या मुलाच्या वर्गातला. लहानपणी तिच्या अंगणात शेंबूड पुसत मोठा झालेला. आता भरतकामाचा शर्ट घालून पंख्याखाली बसला होता.

"बसा ना, मनांग," तो म्हणाला. ताई म्हणावं तसं सगळं शहर तिला मनांग म्हणे.

"बसायला आले नाही. हे माईकचं खूळ कुणाचं?"

"खूळ काय, मनांग? पारदर्शकता आहे ही. जग बघा कुठे चाललंय."

"जग कुठेही जाऊ दे. उद्या ओंग्..." एवढं बोलून ती थांबली. क्रिसान्तोच्या डोक्यामागे भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं. ओंग्सियाको बर्फ कारखान्याचं. शेजारच्या टेबलावरच्या दोन बायांनी टाइप करणं थांबवलं होतं.

"उद्या काय, मनांग?"

"काही नाही," देलिसा म्हणाली. "शर्टाचं वरचं बटण लाव, तुझ्या आईनं बघितलं तर रडेल."

बाहेर आल्यावर तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं रिक्षावाल्याशी उगीचच भांडण काढलं. जे टॉवेलाआड रोज बोलतो ते उजेडात बोलायची वेळ आली तर आपलीही दातखीळ बसली! मग त्या घमेलंवाल्या बायांची काय कथा?

रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर लुमिंग घरी आली. तिनं दाराशीच उभं राहून विचारलं, "देलिसा, उद्या मी काय करू गं?"

"नेहमीसारखी ये."

"नेहमीसारखी म्हणजे? माझा भाव माईकवर सांगू? सगळ्यांसमोर?"

"आवाज तर आहे तुझा. मास्तर खिडक्या लावतात."

लुमिंग हसली नाही. "विकताना ओरडायला काही वाटत नाही गं. ते माझे मासे असतात. पण घेताना..." तिनं पदरासारखा तोंडाशी रुमाल धरला. "माझा भाव किती खाली असतो ते तुला माहीत आहे. तो ऐकला तर लोक म्हणतील, ही इतकी वर्षं भीकच घेत होती. मग मी धक्क्यावर येणार नाही. मेले तरी येणार नाही."

आणि धक्क्यावर आली नाही तर नाती काय खातील, हे दोघींनाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

सोमवारी उजाडताना धक्क्यावर जत्रा होती. माईकचा खांब, दोन भोंगे, पांढरा फळा, टेबलामागे क्रिसान्तो. लियांद्रो या खेपेला वेळेवर हजर होता. त्याला फरशी धुण्याआधीचा धक्का प्रथमच दिसत होता, आणि बूट अजून पांढरेच होते. ओंग्सियाको रोजच्यासारखा टूथपिक चघळत उभा होता. पाठीमागे त्याचा ट्रक घुरघुरत होता आणि पलीकडे सेबूची फेरी तोंड उघडून बसली होती. बांगड्यानं भरलेली बोट लागली होती. टब ओळीनं मांडले होते. देलिसाच्या खांद्यावर टॉवेल होता, पण आज तिला काही काम नव्हतं. तिला टबांमागे उभं केलं होतं, फोटोत चांगली दिसते म्हणून.

"सगळा माल एकत्र!" क्रिसान्तोचा आवाज भोंग्यातून फुटला. "बोला, कोण बोलतंय?"

ओंग्सियाको बोलला. आळसावून, टूथपिक न काढता. त्यानं सांगितलेला आकडा इतका पडेल होता की बोटीचा तांडेल मटकन खोक्यावर बसला. टॉवेलाआड इतका खालचा भाव त्यानं वर्षानुवर्षं सांगितला नव्हता.

"आणखी कोण? बोला, बोला!"

घमेलंवाल्या बाया आपापल्या चपला बघत होत्या. छोटे खरेदीदार एकाएकी मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं वाचू लागले. देलिसाला ओरडावंसं वाटत होतं, की अरे बघा, ही तुमची पारदर्शकता! आरपार दिसतंय, एकाच माणसाचं पोट दिसतंय! पण दलालाला बोली बोलता येत नाही, आणि बर्फ तर तिलाही लागतो.

लियांद्रोनं कॅमेरा फिरवला. क्रिसान्तोला घाम फुटला. मनिलाच्या पाहुण्यापुढे जागं सान तेल्मो माना खाली घालून उभं होतं. त्यानं गर्दीत नजर टाकली आणि लाल ओठांची, छान दिसणारी लुमिंग त्याला सापडली. माईक काढून तो तिच्यापाशी गेला.

"मनांग लुमिंग! लाजू नका. गरिबालाही आवाज आहे आता. सांगा तुमचा भाव!"

"तिला काय विचारतोस?" ओंग्सियाको हसला, आणि माईक जवळच असल्यानं ते हसू दोन्ही भोंग्यांतून सगळ्या बंदराला ऐकू गेलं. "तिचा भाव म्हणजे मांजरीचा वाटा."

लुमिंगचं तोंड लालीसकट पांढरं पडलं. देलिसाला वाटलं, आता ही घमेलं टाकून पळणार. लुमिंगनं माईक धरला. दुपारच्या गल्लीत, तीन घरांपलीकडच्या बहिऱ्या म्हाताऱ्याला हाक मारताना लावते तो आवाज तिनं लावला आणि सगळ्या मालाचा भाव ठोकला. ओंग्सियाकोच्या कितीतरी वरचा. भोंगा किंचाळला. कबुतरं उडाली.

"शाब्बास!" क्रिसान्तो नाचायचाच बाकी होता. त्यानं फळ्यावर लिहिलं : लुमिंग. लियांद्रो गुडघ्यावर बसून फोटो काढू लागला.

देलिसानं डोळे मिटून घेतले. वेडी! खाली मान घालायला नको म्हणून उडी मारली ती थेट धक्क्यावरून! इतके पैसे तिनं आयुष्यात एका जागी पाहिले नव्हते. भाव मात्र खोटा नव्हता. टॉवेलाआड अशा मालाचा हाच भाव बसला असता.

"या, मनांग, पैसे इथे," क्रिसान्तो टेबलावर थाप मारून म्हणाला.

लुमिंग जागची हलली नाही. रिकामं घमेलं तिनं छातीशी धरलं होतं.

क्रिसान्तोच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग त्याचं हसू उतरलं. "म्हणजे... पैसे नाहीत? मनांग, मग तुमचं नाव फाटकावर लावावं लागेल. धक्का बंद. नियम आहे."

"लाव," ओंग्सियाको म्हणाला. "आणि माल माझ्या भावानं मला दे. फेरी सुटतेय."

देलिसाला त्या क्षणी कॅलेंडर दिसलं नाही आणि बर्फही आठवला नाही. तिला फक्त ते रिकामं घमेलं दिसत होतं. ती टबांमागून पुढे आली. खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि लुमिंगच्या खांद्यावर टाकला.

"हे काय?" क्रिसान्तोनं विचारलं.

"माल कुणाचा? फळ्यावर वाच. तूच लिहिलंयस."

"पण पैसे..."

"जागेवरच मोजेल, फेरी सुटायच्या आत. आपल्या मालाचं काय करायचं ते तिचं ती बघेल. विकू नये असं कुठे लिहिलंय तुझ्या नियमात? दाखव."

क्रिसान्तोनं कागद उलटसुलट केला. तसं काही लिहिलेलं नव्हतं. लिहिणारा कधी धक्क्यावर आलाच नव्हता.

तोवर गर्दीला कळलं होतं. टॉवेल ज्याच्या खांद्यावर, त्याचा कान. आधी एक घमेलंवाली पुढे आली. तिनं टॉवेलाचं टोक उचललं, तोंडाआड धरलं आणि लुमिंगच्या कानात काहीतरी सांगितलं. मग दुसरी आली. मग चपला बघणाऱ्या सगळ्याच आल्या, मोबाइल वाचणारे आले. लुमिंग ताठ उभी होती. कुणी कमी सांगितलं, कुणी जास्त, काही म्हणजे काही तिच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. देलिसाला ठाऊक होतं, हा दगडी चेहरा तिनं कुणाचा पाहून उचललाय. लुमिंग ओठांचा चंबू करी, बाया टब ओढून नेत आणि रिकाम्या घमेल्यात नोटा टाकत. लियांद्रोसाठी आणून ठेवलेल्या केळफुलाच्या वड्याही कुणीतरी या धांदलीत संपवल्या.

क्रिसान्तोला राहवेना. "माईकवर, माईकवर!" म्हणत त्यानं माईक टॉवेल आणि कानाच्या मध्ये खुपसला. देलिसानं तो त्याच्या हातातून घेतला आणि शांतपणे बर्फाच्या पाण्याच्या टबात सोडला. भोंग्यातून एक बुडबुडा आला आणि जागं सान तेल्मो बंद पडलं.

टबांची शेवटची रांग राहिली होती. फेरीनं भोंगा दिला. ओंग्सियाकोचा ट्रक रिकामा होता आणि त्यातला बर्फ थेंबाथेंबानं रस्त्यावर चालला होता. त्यानं घड्याळ पाहिलं, ट्रक पाहिला. मग टूथपिक थुंकला आणि पुढे आला.

लुमिंग बुटकी, तो धिप्पाड. कानापर्यंत पोचायला त्याला कंबरेत वाकावं लागलं, गुडघे मोडावे लागले. त्यानं दोन बोटांनी टॉवेलाचं टोक उचललं आणि काहीतरी पुटपुटला. धक्क्यावरचा माणूस न् माणूस उभा होता, आणि एकही त्यांच्याकडे बघत नव्हता. सगळे समुद्राकडे बघत होते, रीतच तशी आहे.

लुमिंगच्या भुवया हलल्या नाहीत. इथे भुवया उंचावल्या म्हणजेच होकार.

तो पुन्हा वाकला. भुवया हलल्या नाहीत. फेरीनं दुसरा भोंगा दिला. तिसऱ्यांदा तो इतका वाकला की त्याचं कपाळ तिच्या लालीला लागतंय की काय असं वाटलं. तेव्हा कुठे लुमिंगनं भुवया उंचावल्या आणि ओठांनी शेवटच्या टबांकडे दाखवलं. सगळ्याच नाही. एक टब तिनं पायानं आपल्याकडे ओढून घेतला.

घमेलं टेबलावर रिकामं झालं. क्रिसान्तोनं मोजलं, पुन्हा मोजलं आणि मान हलवली. पुरेसे होते. तांडेल खोक्यावरून उठून नाक शिंकरत होता. लुमिंगनं टॉवेल घडी करून देलिसाच्या हातात दिला, आभाराचा शब्दही बोलली नाही, आणि बरं केलं, कारण बोलली असती तर देलिसा सगळ्यांसमोर रडली असती. घमेल्यात बांगडे भरून ती गल्लीच्या तोंडाशी गेली आणि तिनं पहिली हाक दिली. शाळेची एक खिडकी धाडकन बंद झाली.

लियांद्रो धावत आला. त्याचे बूट आता पांढरे नव्हते. "मनांग देलिसा, काय सांगितलं त्यानं तिच्या कानात? शेवटी किती भाव दिला? हे मला लिहायलाच हवं!"

देलिसानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्याच्याकडे, त्यानं तीन वेळा घेतलेल्या भातासकट, नीट पाहून घेतलं.

"लिही की," ती म्हणाली. "मागच्या वेळी लिहिलं होतंस तेच लिही. आम्ही सगळे झोपलो होतो. कुणी काही ऐकलं नाही."